एक अक्षर सोडून

क्लबची सगळी शिलाई माझ्याकडे, एकेचाळीस वर्षं.
पाठीवरचे आकडे, गोलची फाटकी जाळी, कोपऱ्यातली निशाणं,
एकदा तर रेफ्रीची चड्डी, त्याच्या अंगावर असतानाच.
मेलबर्नच्या पश्चिमेला, टायरच्या गोदामामागे
आमच्या माणसांनी शिफ्ट संपल्यावर दगड वेचून
हे मैदान सपाट केलं.
मुकादमाला त्यांची नावं उच्चारता येत नसत,
सगळ्यांना तो टॉम म्हणायचा.
रविवारी इथे आले की ते पुन्हा
बेरिस्लाव, स्त्येपान, येर्को.

मग वरून पत्र आलं: नावातून देश काढा,
छातीवरचे लाल-पांढरे चौकोन काढा.
एका रात्रीत सत्तावीस सदरे उसवले मी.
चौकोन अजून आहेत, बिस्किटांच्या डब्यात.

परवा दारियो आला. स्त्येपानचा नातू,
मिशी अजून पेन्सिलीची.
आमच्या भाषेतले त्याला येतात ते शब्द मोजून नऊ:
चार शिव्या, दोन जेवणातले,
उरलेले तीन तो स्टँडमध्ये हात ताणून ओरडतो.
"ल्येर्का मावशी, रविवारी त्यांच्याशी मॅच आहे.
झेंड्याच्या मधोमध एवढं शिवून दे."
वहीच्या पानावर काढून आणलं होतं,
नालेसारखं, तोंड वर.
"काय आहे ते माहीत आहे का?"
"आपलं आहे," म्हणाला.

आपलं.
त्याच अक्षरापासून आमच्याकडे कान सुरू होतो,
तोंड, तेल, मामा.
आईने मला टेबलक्लॉथच्या कडेवर
सगळी मुळाक्षरं भरायला शिकवली, एक सोडून.
"हे का नाही?"
"त्यावर सुई मोडते."
बेचाळीस साली, माझ्या जन्माआधी,
तिने टोप्यांवर तेच शिवलं होतं.
बारा टोप्यांना एक किलो पीठ.
पीठ कुणाच्या गिरणीतलं होतं,
गिरणीवाला मिलोराड, त्याची बायको, तीन पोरं
त्या पानगळीत कुठे गेली,
ते ती मरायच्या आदल्या दिवशी बोलली,
तेही भिंतीकडे तोंड करून.

हे दारियोला सांगायचं होतं.
नाही सांगितलं. त्याच्या नऊ शब्दांत ते मावत नव्हतं,
आणि माझं इंग्रजी वाणसामानापुरतं.
शिवलं.
टाका एकसारखा, कड स्वच्छ.
वाईट शिवणं माझ्या हाताला येत नाही.
एवढाच माझा बचाव, आणि तो बचाव नव्हे.

रविवारी झेंडा वर गेला.
पलीकडूनही कुणी कवटीचं काळं कापड सोडलं,
तिकडच्या पोरांनीही त्यांचे तीन शब्द काढले,
तीही इथेच जन्मलेली, याच शाळांतली.
कुंपणापाशी माझ्या वयाची एक बाई
थर्मासमधून कॉफी ओतत होती.
तिने आमच्या झेंड्याकडे पाहिलं.
ओरडली नाही, थुंकली नाही.
ओतायची थांबली, इतकंच.
मी माझे हात कोटाच्या खिशात घातले.

एक-एक झाली मॅच, बहुतेक.
दारियोवर आठ सामन्यांची बंदी.
रात्री दारात उभा, झेंड्याचं बोचकं करून:
"लपव कुठेतरी."

उसवण्यात हात तयार आहेच.
दोरा सळसळत निघाला, अक्षर गेलं.
कापड खिडकीशी धरून पाहिलं, तर
रस्त्यावरच्या दिव्यात, भोकाभोकांनी,
तेच. आधीपेक्षा ठळक.

आता टबात भिजत घातलंय, कोमट पाण्यात.
धुतलं की भोकं मिटतात, असं आई म्हणायची.
तिला कसं माहीत, हे मी कधी विचारलं नाही.
दारियोला फोन केला, उद्या ये,
ओलं कापड पिळायला दुसरं माणूस लागतं,
आणि पिळता पिळता एक सांगायचंय.
"मोठं आहे का?" त्याने विचारलं.
म्हटलं, झेंड्याएवढं.